आठवीच्या मुलांना भूमिती आणि प्रमाण मॉडेल करून कसं शिकवावं?

वाघाचा अधिवास करायला द्या. नागपूरच्या पोरांना वाघाची ओढ असतेच, आधी गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन आणलंत तर उत्तम. प्रमाण १:५० ठेवा. ४० बाय २५ मीटरचं आवार ८० बाय ५० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर बसतं.

कुणीतरी बर्डीच्या बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा वाघ त्यात ठेवेलच. तो पट्टीनं मोजायला लावा. १५ सेंटिमीटर भरला, तर खऱ्यात साडेसात मीटरचा वाघ झाला! मोठा नर शेपटीसकट साधारण ३ मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये ६ सेंटिमीटर. मग पोरं आपणहून मातीचा करतात.

खरी गंमत पाणवठ्यात आहे. ५ बाय ४ मीटरचा, १ मीटर खोल पाणवठा मॉडेलमध्ये १० बाय ८ बाय २ सेंटिमीटरचा होतो. त्यात पाणी मावतं १६० मिली, खऱ्यात २०,००० लिटर. "५० पटच का नाही आलं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. लांबी ५० पट, क्षेत्रफळ २५०० पट, घनफळ १,२५,००० पट, हे त्यांनाच काढू द्या. घाई करू नका, एक अख्खा तास गेला तरी चालेल.

कुंपणाला २६० सेंटिमीटर दोरा द्या. आयतात ४००० चौरस सेंटिमीटर जागा मिळते, तोच दोरा गोल मांडला की सुमारे ५३८०.

झाडं, रंग शेवटी. सजावटीला मार्क मात्र ठेवू नका, नाहीतर मॉडेल आई-बाबाच करून पाठवतात.