अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये संघाला शिस्त कशानं लागते, कडक कोचमुळे की मैत्रीनं वागणाऱ्या?

तुमचं म्हणणं असं की, अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन मैदानाच्या कडेला उभे राहून पोरांवर खेकसायचे, क्लेमसन विद्यापीठाचे डाबो स्विनी पोरांच्या गळ्यात पडून नाचतात, आणि राष्ट्रीय विजेतेपदं तर दोघांनीही मिळवली. मग शिस्त येते कुठून?

माझं मत विचाराल तर कोचचा आवाज किती चढतो याकडे लक्षच देऊ नका. मोठा सामना तोंडावर असताना संघातल्या सगळ्यात भारी खेळाडूनं नियम मोडला, तर त्याचं काय होतं ते बघा. ड्रेसिंग रूममधले बाकीचे शंभर जण तेवढंच बघत असतात. (इकडे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूनं खेळतात तो. एकट्या शिष्यवृत्तीवरच्या मुलांचीच संख्या कितीतरी वर्षं ८५ होती, म्हणून शंभर म्हणतोय.)

आणि कडक नि प्रेमळ ही दोन वेगळी घराणी आहेत असंही समजू नका. जुन्या लोकांना सगळ्यात कडक कोच कोण असं विचारलं की पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांचं नाव येतं. सप्टेंबर १९५४ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा संघ घेऊन ते जंक्शन नावाच्या आडगावी गेले. दुष्काळाचं साल, काट्याकुट्यांची आणि दगडगोट्यांची जमीन, उजाडायच्या आत सराव सुरू, आणि सरावात पाणी प्यायचं नाही. पाणी मागणारा लेचापेचा, अशी तेव्हाची समजूत. मुलं रात्री बॅग उचलून पसार व्हायची. दोन बस भरून गेले आणि एका बसमध्ये मावतील एवढेच परत आले, असं अजून सांगतात. एकजण उष्माघातानं मरता मरता वाचला.

ही कथा अभिमानानं सांगणारे पुढचा भाग मात्र हळूच गाळतात. त्या हंगामात हा संघ दहापैकी नऊ सामने हरला. १९५६ साली तोच संघ अपराजित राहून आपल्या विभागाचा विजेता झाला हे खरं. पण त्या संघातला जॉन डेव्हिड क्रो, ज्याला पुढच्या वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान मिळाला, तो जंक्शनला गेलाच नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात घेत नसत, त्यामुळे तो सुटला. म्हणजे जंक्शनमुळे पुढचं यश आलं, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

जंक्शनमध्ये टिकलेल्यांत जीन स्टॉलिंग्ज होते. ते पुढे अलाबामाचे कोच झाले आणि त्यांनी १९९२ चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्यांच्या त्या संघात वॉक-ऑन म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीचं बोलावणं नसताना स्वतःच्या जोरावर शिरलेला एक पोरगा होता. तोच हा डाबो स्विनी! पुढे क्लेमसनचं जे नवं फुटबॉल संकुल २०१७ मध्ये उघडलं, त्यात खेळाडूंसाठी घसरगुंडी आणि मिनी गोल्फ आहे. पाणी न देणाऱ्या कोचच्या चेल्याचा चेला घसरगुंडी बांधतो. पण या दोन टोकांच्या माणसांत एक गोष्ट मात्र अगदी सारखी आहे.

आधी ब्रायंट यांचं बघा. जंक्शननंतर ते अलाबामाला आले होते. १९६३ च्या हंगामाचे शेवटचे दोन सामने उरलेले असताना त्यांना कळलं की क्वार्टरबॅक जो नेमथनं दारू पिऊन नियम मोडला आहे. क्वार्टरबॅक म्हणजे अख्ख्या संघाची खेळी ज्याच्या हातातून सुरू होते तो, आणि नेमथ तर देशातल्या सर्वोत्तमांपैकी. ब्रायंट यांनी त्याला दोन्ही सामन्यांना बाहेर बसवलं. त्यातला दुसरा होता शुगर बोल. (हंगाम संपल्यावर निवडक संघांत होणाऱ्या मानाच्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात.) अलाबामानं तो १२-७ असा जिंकला, आणि ते बाराच्या बारा गुण किकर टिम डेव्हिसच्या चार फील्ड गोलांचे, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून मारून मिळवलेले. पुढच्या वर्षी नेमथ परतला आणि अलाबामाला विजेतेपद मिळालं.

आता स्विनींचं बघा. डिसेंबर २०१५, ऑरेंज बोल. क्लेमसनसाठी हा राष्ट्रीय विजेतेपदाचा उपांत्य सामना. संघ सामन्याच्या गावी पोचलेला, आणि तिथून त्यांनी तीन खेळाडूंना संघाचे नियम मोडले म्हणून घरी पाठवून दिलं. त्यातला डिऑन केन हा त्यांच्या चांगल्या रिसीव्हरांपैकी, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांपैकी एक होता. क्लेमसननं ओक्लाहोमाला ३७-१७ असं हरवलं, पण अंतिम सामन्यात सेबनच्या अलाबामाकडून ४५-४० असा पराभव झाला. केन त्याही सामन्यात नव्हता. पाच गुणांचा फरक! तो असता तर, हा विचार क्लेमसनच्या पाठीराख्यांनी त्या रात्री केला नसेल असं होणार नाही. पुढच्या हंगामात केन परत संघात आला आणि अलाबामालाच ३५-३१ असं हरवून क्लेमसननं विजेतेपद घेतलं. गळ्यात पडणारा कोच ढिला असतो, या समजाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत, आणि ती जास्त अवघड आहेत, कारण तिथेही संघ जिंकलाच. फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडन म्हणजे आजोबांसारखा गोड माणूस. त्यांचा पोलंडहून आलेला किकर सेबॅस्टियन यानिकोव्स्की जानेवारी २००० मधल्या शुगर बोलच्या आधी रात्री ठरल्या वेळेत हॉटेलवर परतला नाही. बाउडन यांनी ते विनोदावारी नेलं, त्याला खेळवलं, आणि संघ ४६-२९ असा जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. यात कुणाचं फारसं बिघडलं नाही असं म्हणता येईल.

नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्न यांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ऑस्बर्न कडकही नव्हते आणि खेळकरही. शांत, धार्मिक, तोंडात शिवी नाही. त्यांच्याकडे ‘युनिटी कौन्सिल’ म्हणून खेळाडूंचीच एक समिती होती. कुणी तास बुडवला, कुणी उशिरा आला, याचे दंडाचे गुण ठरवायला ती बसायची. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते, कारण कोचला फसवणं सोपं असतं, शेजारच्या लॉकरवाल्याला फसवणं कठीण. पण १९९५ च्या सप्टेंबरात त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, लॉरेन्स फिलिप्सनं आपल्या आधीच्या मैत्रिणीला मारहाण केली, त्याला अटक झाली, आणि सहा सामन्यांनंतर ऑस्बर्न यांनी त्याला परत घेतलं. या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल हा एकच आधार आहे, तो काढून घेतला तर तो बुडेल, असं त्यांचं म्हणणं. फिएस्टा बोलमध्ये फिलिप्स खेळला, नेब्रास्कानं फ्लोरिडाला ६२-२४ असं चिरडलं. ऑस्बर्न मनापासून बोलत होते असं मी मानतो. तरी मार खाल्लेली मुलगीही त्याच विद्यापीठातली होती, तिचाही आधार कुणीतरी बघायला हवा होता. फिलिप्सचा तर पुढे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मृत्यू झाला.

हे सगळं वर्तमानपत्रातलं. रोजची शिस्त कशी असते ते मी थोडं जवळून बघितलंय. दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात एमएस करताना कॅम्पसवरची नोकरी म्हणून मी ‘क्लास चेकर’ होतो. काम साधं. टॅबलेटवर खेळाडूंची फोटोसकट यादी, तासाच्या सुरुवातीला दाराशी उभं राहायचं, कोण आला, पहिल्या रांगांत बसला की मागे, डोक्यावर टोपी आहे का, तास संपेपर्यंत थांबला का, एवढं टिपायचं. गैरहजर असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेडियमच्या पायऱ्या चढायची शिक्षा. काही गटांत एकानं तास बुडवला की त्या जागेवर खेळणाऱ्या सगळ्यांना शिक्षा म्हणून पळावं लागे.

या गटांच्या कोचांपैकी एकाचा आवाज पार्किंगपर्यंत ऐकू यायचा. त्याची मुलं यायची, पण मी टॅबलेट खाली ठेवला की मागच्या दारानं सटकायची. दुसरा कोच हळू बोलणारा, मुलांना घरी जेवायला बोलावणारा. तास बुडाला की तो मुलाच्या आईला फोन करायचा. बस. सहा फूट चार इंचाची, मानेवर गोंदवलेली ती पोरं आईच्या फोनला जेवढी घाबरायची तेवढी पायऱ्यांना घाबरताना मी बघितली नाहीत. आणि एक खेळाडू असा होता की त्याच्यापुढची माझी ‘गैरहजर’ची नोंद दुसऱ्या दिवशी ‘परवानगीनं’ अशी झालेली असायची. त्याच्या गटातल्या मुलांना ते कळायला वेळ लागला नाही. मग तीही मला ‘परवानगी आहे’ म्हणून सांगायला लागली.

कडकपणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना मी नेहमी मेरीलँडची आठवण करून देतो. २९ मे २०१८ रोजी जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा मुलगा सरावात ११० यार्डांच्या धावा काढताना कोसळला. शरीराचं तापमान १०६ फॅरनहाइट. उष्माघातात माणसाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं, ते झालं नाही. १३ जूनला तो गेला. मग त्या संघातलं धमकावणं, अपमान करणं असं बरंच बाहेर आलं. विद्यापीठाच्या नियामक मंडळानं तरीही कोच डी. जे. डर्किन यांना ठेवायचं ठरवलं होतं. लोक खवळले आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना काढलं. जंक्शननंतर ६४ वर्षांनी हे घडलं, आणि तेही दिवसातून दोनदा सराव घ्यायला कॉलेज संघटनेनं बंदी घातल्याच्या पुढच्याच वर्षी.

आता राहिली सत्तेची गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण सगळं तिच्यावर उभं आहे. १९७३ पासून २०१२ पर्यंत शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच मिळायची, आणि पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची की नाही हे व्यवहारात कोच ठरवायचा. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर एक हंगाम बाहेर बसावं लागे. त्यामुळे कोचनं कितीही हग्या दम दिला तरी पोरगं जाणार कुठे? २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी आली, २०२१ पासून बाहेर न बसता बदली करता येऊ लागली, त्याच वर्षी जाहिरातींतून पैसे घ्यायला परवानगी मिळाली, आणि २०२५ पासून तर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाल्यावर सेबन यांनीच सांगितलं की शेवटच्या हंगामानंतर बहुतेक मुलं दोनच गोष्टी विचारत होती, मला खेळायला मिळेल का आणि पैसे किती.

याच सेबन यांनी जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाहेर काढून नवख्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं होतं. अलाबामा जिंकलं. हर्ट्स पुढचा जवळजवळ सगळा हंगाम बाकावर होता, तोंड वाकडं न करता सरावाला येत होता, आणि डिसेंबरात टुआ जखमी झाल्यावर शेवटच्या सत्रात उतरून त्यानं जॉर्जियाविरुद्धचा विभागीय अंतिम सामना ३५-२८ असा फिरवला. सेबन यांच्या शिस्तीचं उदाहरण म्हणून मी हेच सांगतो, ओरडण्याचं नाही. पण तेव्हा दुसरीकडे गेला असता तर त्याला वर्ष बाहेर काढावं लागलं असतं. आज कुणीतरी पैशाची थैली घेऊन दारात उभा असताना तो डिसेंबरपर्यंत बाकावर बसला असता का, याचं उत्तर मी छातीठोकपणे ‘हो’ देणार नाही, आणि माझी खात्री आहे की सेबनही देणार नाहीत.