भर दुपारच्या उन्हात मॅचचे फोटो काढताना चेहरे काळे येतात आणि पांढरी जर्सी फटफटीत, काय करू?

तुम्ही म्हणताय शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा) १/२००० सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ऑटो, आणि तरी एक फोटो बरा तर पुढचा काळा. शटर ठीक आहे हो, घोळ मीटरिंगचा, म्हणजे कॅमेरा उजेड मोजतो त्याचा आहे. फ्रेममध्ये पांढरी जर्सी जास्त आली की कॅमेरा एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) खाली ओढतो, मागे गडद झाडं आली की वर नेतो, आणि खेळाडू तर सारखा इकडून तिकडे पळतोय. ऊन मात्र ढग नसतील तर दुपारी बराच वेळ तेवढंच राहतं, मग कॅमेऱ्याला दर फोटोला नव्याने विचारायचंच कशाला? सरळ मॅन्युअलवर जा, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे, आणि ऑटो आयएसओ बंद करा, हे विसरलात तर मॅन्युअलचा काही उपयोग नाही.

आकडे कुठून आणायचे तर जुना सनी सिक्स्टीन नियम अजूनही चालतो, म्हणजे कडक उन्हात एफ १६ ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) शटर आयएसओएवढं, आयएसओ १०० असेल तर १/१००. तेच सरकवत नेलं की एफ ४ ला १/१६०० आणि एफ २.८ ला १/३२०० येतं. लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नसेल तर आयएसओ २०० आणि १/१६००, पळापळ आरामात फ्रीझ होते. इथून सुरुवात करा, हायलाइट वॉर्निंग (अति उजळ भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती सोय) चालू ठेवा आणि जर्सी लुकलुकायला लागली की शटर थोडं वेगवान करा. स्क्रीन बघून ब्राइटनेस ठरवू नका, उन्हात ती अंधारीच दिसते आणि माणूस उगाच फोटो उजळ करत बसतो, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला काळोख-उजेड दाखवणारा आलेख बघा. आणि रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, सावली नंतर बऱ्यापैकी उचलता येते पण पांढरं एकदा उडालं की त्यातल्या सुरकुत्या, शिवण काही परत येत नाही.

आता काळे चेहरे. हे नुसत्या सेटिंगने जाणार नाही कारण सूर्य डोक्यावर आहे, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि टोपी असेल तर सावलीची रेघ थेट नाकावर. मी अशा वेळी मान वर जाणाऱ्या क्षणांची वाट बघतो. उंच कॅच, हेडर, टेनिसची सर्व्हिस, यात खेळाडू वर बघतो आणि क्षणभर कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा उजळतो. बाकी वेळी जे शंभर फोटो काढाल त्यातले बरेचसे डिलीटच होणार.

सूर्य जरा कलला की दुसरा उपाय, ऊन खेळाडूच्या पाठीवर येईल अशा बाजूला जाऊन उभे राहा. सगळे सांगतात सूर्य आपल्या पाठीमागे ठेवा, पण मग डोळे मिचकावलेले चेहरे मिळतात. उलट बाजूने चेहरा पूर्ण सावलीत येतो, एकसारखा, अर्धा काळा अर्धा पांढरा नाही. वरच्या आकड्यांपेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या, मागे आकाशाऐवजी झाडं किंवा सावलीतला स्टँड घ्या, केसांना आणि खांद्यांना उजेडाची मस्त कड येते. त्या कडेवर वॉर्निंग लुकलुकेल, लुकलुकू दे. हूड, म्हणजे लेन्सच्या पुढची सावली मात्र लावाच.

लांबचे फोटो फोकस बरोबर असून मऊ (धूसर) येतायत म्हणालात, ते बहुधा तापलेल्या हवेमुळे. कृत्रिम टर्फ किंवा काँक्रीटवरून लांब लेन्सने काढलं की हवाच थरथरते, त्याला महागडी लेन्सही काही करू शकत नाही, खेळ तुमच्या बाजूला आला की तेव्हाच काढा. फिल फ्लॅश, म्हणजे सावली उजळायला मारलेला फ्लॅश, एवढ्या अंतरावर विसरा. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर तोही काढून ठेवा, एक-दोन स्टॉप उजेड खातो आणि चेहऱ्यावरची सावली आहे तिथेच राहते.