टिनाच्या छपराखाली गिटारसाठी कोणता माइक?

प्रश्न : अकूस्टिक गिटार घरीच रेकॉर्ड करायची आहे. पैसे एकाच माइकपुरते आहेत. दुकानदार कंडेन्सर माइक सुचवतो, मित्र म्हणतो एसएम57 माइक घे. वर टिनं, बाजूला कूलर. काय घेऊ?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, बोटांनी हळुवार वाजवत असाल तर लहान डायफ्रामचा (आवाज झेलणाऱ्या पातळ पापुद्र्याचा) कंडेन्सर घ्या. नखाचा तारेला होणारा स्पर्शही तो टिपतो. एसएम57 हा 1965 पासूनचा दणकट डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) माइक, पण हळू वाजवलं की गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) इतका चढवावा लागतो की साध्या इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) सुसकारा ऐकू येतो. पिकने जोरात ठोकत असाल तर मात्र मित्राचं ऐका. कंडेन्सरला 48 व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज) लागते. तुमच्या इंटरफेसवर ते बटण आहे का, आधी पाहा.

माइक गिटारच्या भोकासमोर लावू नका, नुसता घुमतो. गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पडद्याकडे (फ्रेटकडे) तोंड करून वीतभर-दीड वीत अंतरावर ठेवा आणि हेडफोन लावून बोटभर इकडेतिकडे सरकवत ऐका. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकला मागचा आवाज कमी येतो, म्हणून त्याची पाठ रस्त्याकडे करा. कूलर बंदच ठेवा, घाम आला तरी.

टिनाचा खणखणाट कोणताही महागडा माइक थांबवत नाही. वेचणीनंतर घरात कापूस भरलेला असेल तर त्या खोलीतच बसा. कापसाची रास आवाज छान पिते. नाहीतर गाद्या भिंतीला उभ्या करा. पावसाळ्यात? टिनावर सर आली की गिटार बाजूला ठेवून चहा घ्या.