आधी कपाटाचं कुलूप काढा

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाला सीईटीत ९२ पर्सेंटाइल. त्याला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घ्यायचंय, रस्त्यावरच्या गाड्या एकमेकींशी बोलत्या करायच्यात. वडील म्हणतात, ते इंटरनेटचं काम, मग कॉम्प्युटरच घे. मॅनेजमेंट कोट्यासाठी कर्ज काढायची तयारी आहे. सोल्डरिंग आयर्न आणि सर्किटं परीक्षेआधी कपाटात कुलूपबंद केली, ती प्रवेश होईपर्यंत तशीच राहणार.

मला मार्कांची काळजी वाटली नाही, त्या कुलपाची वाटली. परीक्षा संपली, आता ते कशासाठी? तुम्हीच तक्रारीच्या सुरात लिहिलंय की, एक बोर्ड सायकलच्या हँडलला बांधायचा, दुसरा गच्चीत ठेवायचा आणि कोपऱ्यावर पाण्याचा टँकर आडवा आला की सिग्नल किती पडतो ते वहीत टिपत बसायचं, हा त्याचा उद्योग. अहो, या क्षेत्रातले इंजिनिअर याच प्रश्नाशी झगडतात! तुमच्या पोराला तो कुणी न शिकवता सापडलाय.

आणि ‘इंटरनेटचं काम’ हा गैरसमज आहे. गाडी गाडीशी थेट रेडिओलहरींवर बोलते, मधे टॉवर लागतोच असं नाही. ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशी यंत्रणा बसवलेली प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक दाबलाय का, ते आजूबाजूला कळवते. मोकळ्या रस्त्यावर हे काहीशे मीटर पोचतं. शहरात कोपऱ्यावरची इमारत, मधे आलेली बस ते अडवते. अँटेना कुठे बसवायचा, विरलेला सिग्नल गोंगाटातून कसा वेचायचा, हे ईएनटीसीतच शिकवतात. कोडिंग लागतंच, पण ते त्याला तिथेही शिकता येईल.

नोकरीचं स्पष्ट सांगते. निव्वळ याच कामाच्या जागा आपल्याकडे आज थोड्या आहेत. अमेरिकेने १९९९ मध्ये गाड्यांच्या या बोलण्यासाठी रेडिओलहरींचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखला, २०२० मध्ये तो ३० वर आणला आणि वाय-फायच्या जातीचं जुनं तंत्र सोडून मोबाइलच्या घराण्यातलं निवडलं. म्हणून एका तंत्राच्या नावावर करिअर लावू नका. कम्युनिकेशन आणि एम्बेडेडचा (यंत्रात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरचा) पाया पक्का असलेला मुलगा मोबाइल नेटवर्कमध्येही चालतो, गाडीच्या रडारवरही.

कॅपचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) पसंतीक्रम त्यालाच भरू द्या. कोट्यासाठी कर्ज अजिबात काढू नका. नको असलेल्या शाखेचे हप्ते शेवटी त्याच्याच पगारातून जातील. आज संध्याकाळी किल्ली त्याच्या हातात द्या आणि ती वही बघायला मागा. टँकरचं पान आधी.