बकरा कापला की पाप माफ?

प्रश्न : ताई, बायबल पहिल्यांदाच वाचायला घेतलंय आणि लेवीयच्या पुस्तकात येऊन अडकलोय. नुसते बकरे, मेंढरं, रक्त! मग पैसेवाल्याचं बरंच होतं की, पाप करा आणि बकरा द्या?

उत्तर : नाही हो, तसं नव्हतं. लेवीय 4 नीट बघा, तिथलं पापार्पण, म्हणजे पापासाठी द्यायचा बळी, हे चुकून, नकळत झालेल्या पापासाठी आहे. देवाला न जुमानता ठरवून केलेल्या पापाला बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात बळीची सोयच नाही, सरळ लोकांतून बाहेर. मग मुद्दाम कुणाला लुबाडलं असेल तर? तिथे बळी आहे, पण आधी ज्याचं घेतलं त्याला ते परत करायचं, वर पाचवा हिस्सा जास्त, आणि मग मेंढा आणायचा. क्रम बघा, आधी माणूस मग वेदी!

रक्ताचं म्हणाल तर लेवीय 17:11 म्हणतं की प्राण रक्तात असतो म्हणून त्याने प्रायश्चित्त होतं, पण ज्याला दोन होलेसुद्धा परवडत नाहीत त्याने नुसतं सपीठ आणलं तरी चालायचं (5:11), म्हणजे रक्तात काही जादू आहे असं नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी (लेवीय 16) तर दोन बकरे असायचे, एक कापायचे आणि ज्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायचे तो मात्र जिवंत रानात सोडून द्यायचे. मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

आता ठरवून केलेल्या पापाचं उदाहरण बघा. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिला घेतलं, तिच्या नवऱ्याला युद्धात मारवलं. स्तोत्र 51 त्याच प्रसंगाचं म्हणतात आणि त्यात तो सरळ सांगतो, देवा तुला बळी हवा असता तर दिला असता. त्याच्याकडे काय बकऱ्यांची कमी होती?

तुमचा पैसेवाला तर मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात, 6 व्या अध्यायात सापडतोच, हजारो मेंढे देऊ का, तेलाच्या नद्या देऊ का, पोटचा मुलगा देऊ का असा भाव वाढवत जातो आणि त्याला उत्तर मिळतं न्यायाने वाग, दया कर, देवासोबत नम्रपणे चाल.

पुढे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की बैलाबकऱ्यांच्या रक्ताने पाप जाणं शक्यच नाही, तसं असतं तर दरवर्षी पुन्हा पुन्हा कशाला केलं असतं, आणि म्हणून ख्रिस्ताचं एकदाच झालेलं अर्पण. यहुदी लोक अर्थातच हे मानत नाहीत, इसवी सन 70 मध्ये रोमन लोकांनी यरुशलेमचं मंदिर पाडल्यावर त्यांच्याकडे प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांवर भर आला.

आणि हो, लेवीयचे पहिले सात अध्याय भराभर चाळलेत तरी चालेल, 16 वा मात्र सावकाश वाचा.