इंग्रजीतल्या 'लाइन' या एका शब्दाला इतके अर्थ कसे?

शब्दकोशात 'लाइन'खाली अर्थांची भलीमोठी यादी आहे, ती पाठ कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. पाठ करूच नका. मी यवतमाळकडच्या एका खेड्यात इंग्रजी शिकवतो, आणि हा शब्द आला की वर्गात मूठभर जवस नेतो.

जवसाचं शास्त्रीय नाव 'लिनम युसिटॅटिसिमम'. यातलं 'लिनम' म्हणजे लॅटिनमधलं जवसच. आपल्याला जवस म्हटलं की तेल आणि चटणी आठवते. युरोपात त्याचं खोड कुजवून धागा काढत, आपल्याकडे अंबाडीचा वाख काढतात तसा. त्या कापडाला लिनन म्हणतात आणि धाग्याला लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणत. 'लाइन' तिथून आली. म्हणजे मुळात दोरा. मिस्त्रीच्या लाइनदोरीत तो अजून शाबूत आहे!

दोरा ताणला की सरळ रेघ, आणि बाकीचे बहुतेक अर्थ त्या रेघेवरच बसतात. कापूस खरेदी केंद्रासमोर गाड्यांची लाइन लागते. घरं ओळीनं बांधली की पोलीस लाइन, नागपूरची सिव्हिल लाइन्स. रूळ टाकले की मूर्तिजापूर-यवतमाळची, शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीची लाइन. कागदावर अक्षरांची ओळ. म्हणून झाडीपट्टीतला नट ज्यांना डायलॉग म्हणतो, त्यांना इंग्रज नट 'लाइन्स' म्हणतो. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे चार ओळी लिहून कळव, दोरी खाली टाक नव्हे (हे उत्तर मला दरवर्षी मिळतं).

'डेडलाइन'चा जन्म मात्र भयंकर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी तोच शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला लावला.

वाचताना अर्थ अडला तर शेजारचा शब्द बघा. फोन असेल तर जोडणी, क्रिकेट असेल तर चेंडूची दिशा, 'प्रॉडक्ट' असेल तर एका कंपनीच्या मालाची मालिका. एवढ्यानं बरंच भागतं.

आणि आपली 'लाइन गेली' इंग्रजीत जशीच्या तशी नेऊ नका. 'द लाइन इज गॉन' म्हटलं तर तिकडच्या माणसाला वीज गेल्याचं कळणार नाही. तिथं 'पॉवर' म्हणा. लाइनमन मात्र तिकडेही आहे, तारांवरच काम करतो.