ओव्हरड्राइव्ह पेडल व्हिडिओत भारी वाजतं, मग माझ्या छोट्या अँपवर मच्छरासारखं का? पेडल डुप्लिकेट आहे का?

डुप्लिकेट वगैरे काही नाही, पेडल विकू नका. तुम्ही लिहिलंय की टीएस९ (ट्यूब स्क्रीमर नावाचं ओव्हरड्राइव्ह पेडल, गिटारचा आवाज जरा फाडणारं) घेतलं, निपाणीला घरी प्रॅक्टिस अँपला लावलं, ड्राइव्ह (किती फाटायचं तो नॉब) फुल केला तर नुसती किरकिर यायली, आणि क्लासचे सर म्हणाले "टोन बोटात असतो, आधी रियाज कर". बाकी प्रश्न मी सोडूनही दिला असता, पण हे सरांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. बेळगावात गिटार वाजवणाऱ्या प्रत्येक पोराला हे कुणी ना कुणी ऐकवलेलं असतंय आणि ते अर्धवट आहे.

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे अर्धा आवाज, उरलेला अर्धा अँप आणि त्याचा स्पीकर काढतो. ट्यूब स्क्रीमरचंच उदाहरण बघा, त्यातलं टीएस८०८ १९७९ चं, तुमचं टीएस९ १९८२ चं. आत सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या (ऑप-अँप) फीडबॅकमध्ये डायोड आहेत म्हणून सिग्नल एकदम छाटला जात नाही, कडा गोल होतात. आणि साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नलची वाढ) कमी कमी होत जातो, म्हणजे बेस (खालचे सूर) मागे जातो, मिड (मधले सूर) पुढे येतो. फेंडर ट्विन किंवा डिलक्स रिव्हर्ब ह्या अँपच्या टोन सर्किटमध्ये मिडला मुळातच खड्डा आहे, तिथं हे पेडल बरोबर बसतं, ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन ते लावून फेंडरवर वाजवायचा ते उगाच नाही. मार्शल जेसीएम८०० ह्या अँपवर मिड भरपूर आहेच, तिथं ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल फुल ठेवायची, मग फाटणं पेडलचं नसतंच, पेडल नुसतं प्रीअँपच्या (अँपचा पहिला टप्पा) ट्यूबना, म्हणजे काचेच्या नळ्यांना ढकलतं, आणि बेस आधीच कापल्यामुळं पाम म्यूट (तळवा तारांवर टेकवून वाजवणं) घट्ट येतो. व्हॉक्स एसी३० अँपच्या पुढं जुनी माणसं ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारं पेडल) लावायची, रोरी गॅलाघर, क्वीनचा ब्रायन मे, ह्या दोघा गिटारवाल्यांचा आवाज त्यातूनच आलाय.

आता रोलंड जेसी-१२०, १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टर अँप. त्याच्यापुढं लेव्हल कितीही वाढवा, नुसता मोठा होतो, गोड फाटत नाही. तुमचा प्रॅक्टिस अँप बहुतेक ह्याच घराण्यातला, वर स्पीकर लहान. म्हणजे व्हिडिओवाला ज्या दोन गोष्टींवर वाजवायलाय त्यातली एकच तुमच्याकडं आहे.

आमचं काय झालं ते सांगतो. गणपतीत आम्ही ऑर्केस्ट्रा करायचो, वडगाव, अनगोळ, खानापूरकडची गावं, मराठी हिंदी कन्नड तिन्ही गाणी. शहापूरच्या एका मंडळाच्या प्रोग्रामला स्टेजवर गिटार अँपच नव्हता. साउंडवाल्यानं पेडलमधून निघणारी माझी पिन सरळ मिक्सरला लावली, तिथून हॉर्नवाल्या टॉपला, म्हणजे लोकांसाठीच्या मोठ्या स्पीकरला. गिटार अँपचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, डायोडनं छाटलेल्या सिग्नलची वरची किरकिर तो आपोआप गाळतो. हॉर्न गाळत नाही, तो सगळं जसंच्या तसं लोकांच्या कानात घालतो. मी साउंडवाल्याला म्हटलं माझ्या चॅनेलचे हाय पूर्ण काढा की हो, तर तो म्हणाला मिक्सरला कोण सांगायचं नाही. सोलो आला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर हात ठेवले. प्रोग्राम संपल्यावर आमचे कीबोर्डवाले दादा, ग्रुप त्यांचाच, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "लेका, पेडलनं काय होत नाही, टोन बोटात असतोय." ढोलकीवाला, दोन्ही गायिका, सगळे ऐकायला होते.

पुढं थोड्याच दिवसांनी म्हापशाला एका लग्नाच्या रिसेप्शनला गेलो, चोर्ला घाटातून टेंपो घालून. तिथं भाड्यानं आणलेला मार्शलचा ट्यूब अँप होता. तीच गिटार, तेच पेडल, तीच केबल. ड्राइव्ह शून्यावर आणला, लेव्हल फुल, आणि तार ओढून एक बेंड धरला तर नोट थांबायलाच तयार नाही, बोटाखालून पुढं पुढं जायली, गिटारच्या व्हॉल्यूमचा नॉब जरा मागं घेतला की साफ, पुढं केला की परत फाटतोय. असा आवाज माझ्या हातून त्याआधी कधी आला नव्हता. आणि परतताना दादा काय म्हणावेत, "बघ, रियाज केलास की आला टोन." शहापूर ते म्हापसा ह्याच्यात मी गिटारला हातसुद्धा लावला नव्हता, नोकरीच्या शिफ्टच तशा होत्या.

हे मनात राहिलं. मग एकाकडून कॅब सिम्युलेटर (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल करणारी डबी) आणला आणि टिळकवाडीच्या प्रॅक्टिस रूममध्ये दादांच्याच हातात गिटार दिली. त्यांना गिटार येत नाही. म्हटलं दादा, मोकळ्या तारा छेडा, फ्रेटला बोट लावू नका. आधी पेडलमधून सरळ मिक्सर, मग मधे कॅब सिम. पहिल्यात तीच शहापूरची किरकिर, दुसऱ्यात भरलेला गोल आवाज. खोलीतल्या सगळ्यांना कळलं. दादा म्हणाले, "हे मशीनचं झालं, संगीताचं नाही." वयानं मोठे आहेत, मी गप्प बसलो, पण आज लिहितो: मशीनचंच होतं, शहापूरलाही मशीनचंच होतं, आणि तिथं दोष माझ्या बोटांवर टाकला.

बोटात दाब असतो, पिकचा मार असतो, व्हायब्रॅटो असतो, टायमिंग असतं, आणि चांगल्या ओव्हरड्राइव्हवर ते उलट जास्त ऐकू येतं. पण हॉर्नमधून येणारी किरकिर जगातलं कुठलंही बोट गाळू शकत नाही. आमच्याकडचा एक पोरगा, हात सुंदर होता त्याचा, हेच ऐकून ऐकून गिटार ठेवून डीजेच्या गाडीवर गेला. शिकवणाऱ्यानं पोराला नाव ठेवण्याआधी त्याची केबल कुठं जाते ते बघावं.

तुम्ही काय करायचं: क्लीन चॅनेल, अँपचा ट्रेबल बराच खाली, मिड वर. पेडलचा ड्राइव्ह अर्ध्याच्या आत, टोन त्याहून कमी, लेव्हल एवढीच की चालू-बंद केल्यावर आवाज उडी मारू नये. नाहीतर अँपचा ड्राइव्ह चॅनेल थोडा उघडा आणि पेडल मार्शलवाल्या पद्धतीनं लावा, बऱ्याच छोट्या अँपवर हे चांगलं चालतं, म्हणजे ट्रान्झिस्टरवर काहीच होत नाही असंही नाही. पेडल अँपच्या पुढच्या इनपुटलाच लावा, इफेक्ट लूपमध्ये (प्रीअँपच्या नंतर पेडल जोडायची जागा) नको. मंडळाच्या प्रोग्रामला वाजवणार असाल तर दुसरं ओव्हरड्राइव्ह घेण्याआधी कॅब सिम घ्या. पूर्ण क्लीन अँपवर एकट्यानं दाट आवाज पाहिजे असेल तर रॅटसारखं डिस्टॉर्शन पेडल बघा, ते स्वतःचं स्वतः पुरतं.

अँप कुठला ते लिहिलं नाहीत म्हणून नॉबचं अंदाजे सांगितलंय, कानानं बघा. आणि हे वाचून लगेच ट्यूब अँप घ्यायला जाऊ नका, घरात तो उघडता येत नाही एवढा मोठा वाजतो. अमेरिकेतून कुणी आणून दिलाच तर तो १२० व्होल्टचा असेल, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या लाइनला लावला की गेला. मागचं झाकण स्वतः उघडू नका, आत बऱ्याचदा ४०० व्होल्टच्या वर असतं आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं.